डाव्या हाताचा सिनेमा

सिनेमावर माझ्या काकांइतका चिडलेला माणूस अख्ख्या निजामाच्या राज्यात दुसरा झाला नसेल, आणि त्यांच्याइतके सिनेमे पाहिलेला माणूसही झाला नसेल. काका म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. राहायला पुसेगावला. घरी काळीभोर जमीन, दोन बैलजोड्या, आणि लहानपणी उर्दूच्या चार इयत्ता झालेल्या, त्यामुळे गावात कुणाला सरकारी कागद आला की तो आधी काकांच्या ओट्यावर यायचा. असा हा भारदस्त माणूस सिनेमाचं नाव निघालं की तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा तडतडायचा. मी लग्न होऊन हिंगोलीला आले. आमचे हे तिथल्या शाळेत मास्तर होते आणि आमचं घर तंबूच्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर होतं. दिवाळी झाली की टुरिंग टॉकीजचा तंबू त्या मैदानात उभा राहायचा तो पार शिमग्यापर्यंत, आणि दर नव्या सिनेमाला पुसेगावची बैलगाडी दुपारी आमच्या दारात सुटायची. गाडीत काका, मावशी, भाकऱ्यांचं गाठोडं आणि आदल्या सिनेमाचा उरलेला राग.

सिनेमा रात्रीचा असला तरी त्याचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या चुलीपुढे लागायचा. काका पाटावर बसत, चहाची बशी हातात घेत आणि ती तोंडाला लावायच्या आत सुरू होत. "मला एक सांग बाई, ह्या मुंबईवाल्यांला आईबाप हायेत का न्हाई? इतका मोठा राजा, म्होरं सोन्याचं ताट, अन् जेवून राहिला डाव्या हातानं! बाजूला राणी उभी, परधान उभा, कुणी सांगंना त्याला!" मी म्हणायची, असेल एखादा डावखुरा. "एखादा?" काकांचा चहा बशीतून सांडायचा. "समदे! राजा डावखुरा, परधान डावखुरा, भालदार-चोपदार डावखुरे. साधू निघाला जंगलातून, त्यो बी डाव्या हातानं आशीर्वाद देऊन राहिला. अशा आशीर्वादानं पोरगं व्हईल का कुणाला?" मावशी भाकरी थापता थापता मान हलवायची आणि "व्हय बाई, मी बी बघितलं," म्हणून त्यावर शिक्का मारायची. बायकांचे पदर उजव्या खांद्यावर, तलवारी उजव्या कमरेला, आरती डाव्या हातानं, तीही उलटी फिरवलेली. एका सिनेमात देवळाला प्रदक्षिणा उलटी घातली, तर काकांनी त्या वर्षीच्या लांबलेल्या पावसाचं खापर सरळ त्या नटीच्या डोक्यावर फोडलं.

पण त्यांचा सगळ्यात मोठा राग सिनेमातल्या लग्नांवर असे. नवरानवरी होमाभोवती उलटे फिरले, म्हणजे ते लग्न लागलंच नाही, हे काकांचं ठाम मत. पुढे ती दोघं संसार करायची, त्यांना मूल व्हायचं, ते मूल जत्रेत हरवायचं, आई रडून रडून आंधळी व्हायची, सगळा तंबू हुंदके द्यायचा, आणि काका दात-ओठ खात बसायचे. "ज्यांचं लगीनच लागलं न्हाई त्यांच्यासाठी मी काहून रडू?" हा त्यांचा सवाल. यावर मला कंपनीच्या मालकाला कार्ड लिहून द्यावं लागे. काकांचं अक्षर उर्दू, आणि मुंबईवाल्याला ते लागेल की नाही याची त्यांना शंका. "लिही. रा. रा. मालक सिनेमा कंपनी, मुक्काम मुंबई. पत्रास कारण की, तुमच्या सिनेमात एक बी लगीन बराबर लागलेलं न्हाई. भटजी बदलावा." कंपनीचं नाव काय, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नसे. तरी मी इमानाने कार्ड पेटीत टाकून येई. उत्तर कधी आलं नाही. ते लाजेने येत नाही, असं काकांचं म्हणणं होतं.

आता हे सगळे सिनेमे मीही पाहत होतेच. तंबूत मधोमध कनात लावलेली असायची, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. मी शेजारणींबरोबर बायकांच्या बाजूला बसायची आणि माझा राजा मुकाट्याने उजव्या हाताने जेवायचा. हे मी काकांना सांगितलं तर ते माझ्यावरच उखडले. "तुझं ध्यान पडद्यावर असतं का शेजारणीच्या पाटल्यावर?" मला असा राग आला की पुढच्या चार खेपांना मी त्यांच्या चहात साखर कमी घातली. मावशी आमच्यात बसत नसे. "आमची जागा ठरलेली हाय गं," एवढंच म्हणायची. मला वाटे, असेल मागे कुठे तरी. शेवटी एकदा मध्यंतरात मी भाजलेल्या शेंगांची पुडी घेऊन मावशीला शोधायला निघाले. सगळी बायकांची बाजू पालथी घातली. मग पडद्याच्या काठाने वळसा घालून पलीकडे गेले, आणि तिथे माझे भारदस्त काका आणि माझी मावशी चवाळं अंथरून बसलेली. पडद्याच्या मागे!

ज्यांनी ते तंबू पाहिले नाहीत त्यांना सांगते. सिनेमाचा पडदा म्हणजे साधं पांढरं कापड. खेळाआधी त्यावर पाणी मारायचे, मग चित्र कापडातून आरपार उमटायचं आणि मागच्या बाजूनेही दिसायचं. फक्त उलटं, आरशात दिसतं तसं. तिकडे अर्ध्या तिकिटात बसू देत. बाजाराला आलेले मजूर, हमाल, खिसा रिकामा असलेली माणसं तिथे बसायची. दोन बैलजोड्यांचा धनी माझ्या मावशीला अर्ध्या तिकिटात मातीत बसवतो, हे पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिथेच तोंड सोडलं. "काका, शोभतं का तुम्हाला हे? आणि डावे हात डावे हात म्हणून आम्हाला नाचवलंत! कापड मागून बघितल्यावर उलटं दिसणार नाही तर काय!"

काका जागचे हलले नाहीत. "मी आंब्याचं झाड मागून बघितलं तर त्याची चिंच व्हती का?"

"न्हाईच व्हत की," मावशी म्हणाली.

एवढ्यात खेळ सुरू झाला. पडद्याच्या पायाशी सिनेमाचा भोंगा ठेवलेला होता. तो असा गर्जू लागला की माझ्या कानठळ्या बसल्या. आणि त्या भोंग्याच्याही वरताण आवाजात काका मावशीच्या कानाशी वाकून बोलत होते. "त्यो म्हणून राहिला, की मी परदेशाला चाललो. ती म्हणती, मला संगं न्या. त्यो म्हणतो, न्हाई जमत. हरामखोर हाय!" सिनेमाची भाषा उर्दू-हिंदी, आणि माझ्या मावशीला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पडद्यापुढे कनातीमुळे नवराबायकोला शेजारी बसता येत नसे. पडद्यामागे कनात नव्हती. पण हा हिशेब त्या रागात माझ्या डोक्यात शिरला नाही. काका चिक्कू आहेत, एवढंच मी मनात घट्ट धरून बसले आणि घरी येऊन ह्यांना आणि शेजारणींना तिखटमीठ लावून सांगितलं.

काकांनी स्वतः मात्र दुसरंच कारण दिलं, आणि त्या कारणापुढे मला हात टेकावे लागले. पडदा जमिनीला टेकत नसे, खाली हातभर फट असे. तिच्यातून पुढच्या बाजूला जमिनीवर बसलेल्या लोकांचे पाय दिसायचे. "तुमी निस्ता सिनेमा बघता," काका म्हणाले. "मी सिनेमा बघतो अन् बघणाऱ्यांचे पाय बी बघतो. तोंड खोटं बोलतं, पाय बोलत न्हाईत." मांडी घातलेला माणूस मांडी बदलू लागला की सिनेमा दोन दिवसांचा सोबती. उकिडवा बसला की उद्यापासून तंबू रिकामा. आणि भर सिनेमात पाय चपला शोधू लागले की सिनेमाच्या रिळांची पेटी आज रात्रीच परतीला बांधून ठेवावी. सिनेमात कोण कुठल्या हाताने जेवतं याबद्दल काकांचं मत शंभर टक्के चुकीचं असायचं, पण तो किती दिवस चालेल याबद्दल ते कधीही चुकले नाहीत. तंबूचे मालक, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, पहिल्या खेळानंतर वाट अडवून उभे राहत. "क्या बोलते पुसेगाववाले? चलेगा?" काका तीन बोटं दाखवत. "अरे, पेटी तो आठ दिन के वास्ते मंगाया मैं!" चाचा कपाळावर हात मारत, आणि चौथ्या दिवशी तंबूत कुत्री फिरत.

एकदा तर मोठ्या थाटाचा सिनेमा आला. हत्ती, घोडे, आकाशातून उडणारे देव, टांग्यातून बाजा वाजवत जाहिराती वाटलेल्या. सगळं गाव म्हणालं, महिनाभर हलणार नाही. काका सकाळी म्हणाले, "शुक्रवार बघत न्हाई. देव उडायला लागले अन् म्होरच्या रांगेतला एक जण पायाचा काटा काढत बसला." शुक्रवार बघितला नाही. त्याच हंगामात एक गरीबडा सिनेमा आला होता, ना मारामारी ना जादू, एका सासुरवाशिणीची गोष्ट. पहिल्या दिवशी तंबू अर्धाही भरला नाही. चाचा पेटी स्टेशनवर परत धाडायला निघाले होते, काका बैलगाडी आडवी घालून उभे राहिले. "थांबा. एका गड्याच्या पायावर मुंगळा चढला, घोट्यापर्यंत गेला, चावला आसंल, पाय हालला न्हाई." चाचांनी पेटी ठेवून घेतली. तो सिनेमा सतरा रात्री चालला. आखाडा बाळापूरहून गाड्या भरून बायका आल्या. चाचांनी काकांना जन्मभर फुकट बसायला सांगितलं आणि पुढे मानाची खुर्चीही देऊ केली. काकांनी दोन्ही नाकारलं. "अर्धं तिकीट देतो. मागंच बसतो. अन् त्या सिनेमात बी सासूनं डाव्या हातानं मारलं, हे तुमच्या कंपनीला कळवा."

मग लढाईचे दिवस आले. कापड मिळेना, धोतरजोडीसाठी रांगा लागू लागल्या. चाचांचा पडदा विरत विरत एके दिवशी मधोमध फाटला. नवं कापड कुठून आणणार? काका त्याच दिवशी गाडीतून उतरले ते काखेत स्वतःचं कोरं धोतर घेऊन. ते पडद्याला ठिगळ म्हणून शिवलं. पुढची दोन वर्षं सगळ्या नट-नट्यांची तोंडं माझ्या काकांच्या धोतरावर हसली, रडली. काकांचा पारा त्यामुळे आणखीच चढला. "माझ्या धोतरावर उभं राहून उलटे फेरे घालून राहिलेत!"

या रागावर एक दिवस खरोखरचं संकट आलं. सरकी-कापसाच्या व्यापारातल्या एका शेठने स्टेशनच्या वाटेवर पक्कं थेटर बांधलं. दगडविटांचं, वर पत्रा, खाली बाकं, आणि पडद्याच्या जागी चुन्याची पांढरीशुभ्र भिंत. दिवसाढवळ्यासुद्धा खेळ व्हायचा. गाव हरखून गेलं. मैदानावर चाचांचा तंबू परत उभा राहिला नाही, ते पेट्या घेऊन दुसऱ्या मुलखात गेले. काका थेटर बघायला म्हणून आले, भिंतीपुढे उभे राहिले, मग बाहेर जाऊन भिंतीमागे उभे राहिले, आणि माझ्या घरी येऊन जे बोलले ते सगळं काही मी इथे लिहू शकत नाही. "भिंतीवर सिनेमा! उद्या विहिरीत दाखवतील! बायकांला वर गॅलरीत कोंडलंय बांबूच्या चिकाच्या पडद्याआड, अन् गडी खाली बाकावर. ती वर, मी खाली. मंग तिला सांगणार कोण?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं पुसेगावहून गाडी जुंपून, मातीत बसून, कान किटवून घेऊन हा माणूस काय करत होता, ते मला पहिल्यांदा कळलं. मी त्यांना चिक्कू म्हटलं होतं, आणि चार लोकांत म्हटलं होतं. मावशी कोपऱ्यात तांदूळ निवडत होती.

काकांनी जाहीर केलं, थेटर महिनाभरात बंद पडेल. "पायच दिसत न्हाईत त्याला. जिथं पाय दिसत न्हाईत तिथं धंदा कळत न्हाई." त्यांचं खोटं ठरलेलं हे पहिलंच भाकीत. थेटर तुडुंब चालू लागलं. एक अख्खा हंगाम पुसेगावची गाडी आमच्या दारात सुटली नाही, आणि माझ्या सकाळी सुन्या गेल्या. इतका त्रास दिलेल्या माणसाची आठवण यावी याचाही मला रागच आला. मग संक्रांतीला मी वाण घेऊन पुसेगावला गेले तेव्हा मावशीने हळूच विचारलं, "इतक्यात कोणता लागलाय गं?" मी तिथल्या तिथे ठरवलं. काकांना म्हटलं, "मावशीला घेऊन या. ती माझ्याजवळ बसेल गॅलरीत. मला शाळेत उर्दू होतं, मी सांगीन तिला एक एक शब्द." काका माझ्याकडे साशंक नजरेने पाहत राहिले. "समदं सांगशील? मधीच सोडणार न्हाईस?" मी छातीवर हात ठेवून म्हणाले, "समदं."

दुपारचा खेळ होता. एका टांगेवाल्याची गोष्ट. काका खाली बाकावर, मी आणि मावशी वर चिकाआड. सुरुवातीला मी नेटाने सांगत होते. "टांगेवाला म्हणतोय भाडं नको, ती म्हणते घ्या." मावशी चिकाला नाक लावून बसली होती. माझं काय चुकलं तर एवढंच, की सिनेमा चांगला होता. टांगेवाल्यावर खुनाचा आळ आला, त्याला कोर्टात उभा केला, आणि वकील बोलायला लागले. काय त्यांचं उर्दू! मी पुढे सरकले. मावशीने विचारलं, "काय म्हणून राहिला गं त्यो?" मी म्हटलं, "सांगते." थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "थांब गं जरा, मग सांगते सगळं." तिसऱ्यांदा तिने विचारलं तेव्हा माझ्या तोंडून "श्शू" निघालं. मावशी गप्प बसली. हात मांडीवर ठेवून, परक्याच्या घरी बसावं तशी.

खाली काकांना हे कसं समजलं मला माहीत नाही. त्यांना वरून कुठला आवाज येणं शक्य नव्हतं. कदाचित आवाज येत नाही, म्हणूनच समजलं असेल. मांडी बदलणाऱ्या पायावरून सिनेमा ओळखणारा माणूस तो. ते बाकावरून उठले, गॅलरीकडे तोंड केलं, आणि भोंग्याशेजारी बसायची सवय असलेल्या त्या गळ्यातून आवाज निघाला. "ऐकू येतंय का गं? त्यो काळ्या कोटवाला म्हणून राहिला, की चाकू ह्याचाच हाय! अन् दुसरा म्हणतो, चाकूवर नाव लिवलंय का?"

थेटरात हलकल्लोळ झाला. "अबे बैठ!" "अरे बाबा, बैठो!" शिट्ट्या, आरडाओरड. काका बसले नाहीत. "काहून बसू? माझी बायको वर हाय, तिला उर्दू कळत न्हाई. तुमच्या बायकांला कळतंय का? घरी गेल्यावर इचारा एकदा!" खालच्या शिट्ट्या थांबल्या. आणि वर गॅलरीत, चिकाआड, माझ्या मागच्या ओळीतून आखाडा बाळापूरची एक ठसकेबाज बाई ओरडली, "आवो, त्यांला सांगू द्या की! चाकूचं पुढं काय झालं?" दुसरी म्हणाली, "सांगा, सांगा." मला तेव्हा कळलं की आजवर या गॅलरीत अर्ध्याहून जास्त बायका निव्वळ चित्रं पाहून घरी जात होत्या. पण थेटरचा कायदा बायकांनी केलेला नव्हता. दारावरचा माणूस बॅटरी घेऊन आला आणि त्याने काकांचा दंड धरून त्यांना बाहेर काढलं. जाताना काका वरच बघत होते.

मावशी उठली. पदर सारखा केला आणि जिना उतरून गेली. मी तिच्यामागे जायला हवं होतं. मी गेले नाही. कोर्टाचा निकाल लागायचा होता. हे लिहिताना आजही माझी मला लाज वाटते, पण खरं ते खरं. टांगेवाला सुटला, लोकांनी टाळ्या पिटल्या, आणि माझ्या शेजारची रिकामी जागा मला दिसली. मग मी पळत खाली आले.

दारात कुणी नव्हतं. बैलगाडी झाडाखाली तशीच उभी. मी थेटरला वळसा घातला. मागच्या बाजूला, ज्या भिंतीवर आत सिनेमा चालला होता त्याच भिंतीला बाहेरून टेकून, चवाळं अंथरून दोघं बसली होती. वर हवेसाठी झरोके ठेवलेले, त्यांतून आतलं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं. समोर कापूस वेचून झालेलं रान. मधे शेंगांची पुडी. आणि काका सिनेमा सांगत होते.

"आता त्यो घरी आला. दारात उभा हाय. ती बघती, अन् तिच्या हातची घागर पडली. ऐकलंस का आवाज? तीच. म्हणती, मला ठावं व्हतं तुमी येणार. आता त्यानं हातपाय धुतले. जेवायला बसला."

मावशीने विचारलं, "कोण्या हातानं जेवून राहिला?"

काका थांबले. अर्धा सिनेमा त्यांनी आज समोरून पाहिला होता. त्या टांगेवाल्याने चाबूक उजव्या हातात धरलेला, सलाम उजव्या हाताने केलेला, कोर्टात शपथ उजव्या हाताने घेतलेली, सगळं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"डाव्या," काका म्हणाले. "डाव्याच."

"एवढं भोगून बी मेल्याला अक्कल आली न्हाई," मावशी म्हणाली आणि समाधानाने शेंग फोडली.

तेवढ्यात काकांची नजर माझ्याकडे गेली. मी काही बोलेन की काय, अशी भीती मी त्यांच्या डोळ्यांत त्या एकदाच पाहिली. मी गुमान जाऊन मावशीशेजारी बसले. तिने पुडी माझ्यापुढे सरकवली. माझ्यावर रागावायचा तिला पुरता हक्क होता, पण ती कसली रागावते! राग सगळा काकांच्या वाट्याला आलेला होता. त्या दिवशी हा सिनेमा किती दिवस चालेल ते काकांनी सांगितलं नाही. पाय दिसले नाहीत, म्हणाले.

पुढचा हंगाम त्या दोघांनी दर सिनेमा असाच भिंतीमागून ऐकला. मग गडबडीचे दिवस आले, वाटा बंद झाल्या, गावोगाव लोक जीव मुठीत धरून राहिले. त्या दिवसांत पुसेगावला तापाने माझी मावशी गेली. मला वेळेवर कळलंसुद्धा नाही. निजामाचं राज्य संपलं, रस्ते मोकळे झाले, आणि एके दुपारी ओळखीच्या घुंगरांचा आवाज आला. गाडीतून काका एकटेच उतरले. कोर्टात जमिनीचं काही काम होतं. मी चहा केला. त्यांनी तो न सांडता प्यायला. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हटलं, "काका, नवा सिनेमा लागलाय. दुपारचा खेळ आहे."

"आसंल," काका म्हणाले. "पण आता सांगू कुणाला?"

"मला सांगा."

"तुला येतंय की उर्दू."

"न्हाई येत," मी म्हणाले.

काकांनी कोपऱ्यातली काठी उचलली, मी शेंगा पदरात बांधून घेतल्या, आणि आम्ही दोघं थेटरच्या मागच्या बाजूला निघालो.